बिल्ल्यांची पारख

‘अस्सल’ आणि ‘बनावट’ हे दोन शब्द बाजारात जितक्या सहजतेने उच्चारले जातात तितक्या सहजतेने ते सिद्ध करता येत नाहीत, हे ज्यांनी एखाद्या जुन्या सनदेचा किंवा बखरीचा वाद जवळून पाहिला आहे त्यांस सांगावयास नको. आमच्याकडे अशा वादांची परंपरा मोठी आहे. गाथेतील अमुक अभंग तुकोबांचाच की मागाहून कोणी घुसडलेला, अमुक पत्रावरील शिक्का खरा की नंतर उमटविलेला, यांवर कितीतरी शाई खर्ची पडली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने हलका वाटेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांनी छातीवर मिरविलेले धातूचे बिल्ले व पदके आज संग्राहक मोठ्या किमती देऊन घेतात, आणि त्यांतील खरी कोणती व खोटी कोणती हे ठरविण्याचे एक लहानसे शास्त्रच बनले आहे. त्या शास्त्राची बळकट बाजू कोणती आणि लंगडी कोणती, हे तपासून पाहावे एवढाच आमचा हेतू आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती प्रसंगामुळे. सातारा जिल्ह्यातील आमच्या एका स्नेह्यांचे आजोबा मराठा पलटणीत होते व इटलीतील मोहिमेत लढले होते. त्यांच्या मागे एक पत्र्याची डबी राहिली. तीत दोन काळवंडलेली पदके, कापडाचा एक मळकट तुकडा, आणि मऊ रुमालात जपून गुंडाळलेला पहिल्या वर्गाचा जर्मन ‘आयर्न क्रॉस’. आजोबांनी एका जर्मन अधिकाऱ्यास कैद केले आणि त्याच्या छातीवरून तो उतरवून घेतला, अशी घरातील हकीकत. गावच्या शाळेत आजोबांची तसबीर लावावयाची होती. तिच्याखाली काचेत हा क्रॉस ठेवावा आणि शेजारी ही हकीकत संगमरवरावर कोरावी, असा बेत ठरला होता. दगडावर टाकी पडण्यापूर्वी स्नेह्यांनी तो क्रॉस आमच्यापुढे ठेविला आणि म्हटले, “तुम्ही या वस्तू पाहता. एकदा नजर घाला, म्हणजे आमचे मन निःशंक होईल.”

हकीकत अशक्य कोटीतील मुळीच नव्हती. मराठा पलटणींनी इटलीत जे केले ते प्रसिद्धच आहे. यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात गाजविलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांस ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा रणांगणावरून परतलेल्या शिपायाच्या पडशीत शत्रूचे एखादे पदक असणे अगदी स्वाभाविक होय. तथापि जे घडू शकले असते आणि जे घडले, या दोहोंत जे अंतर आहे ते ओलांडण्यासाठी वस्तूचीच साक्ष काढावी लागते.

आयर्न क्रॉस ही प्रशियाच्या राजाने १८१३ साली, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, स्थापिलेली पदवी. १८७०, १९१४ आणि १९३९ साली तिचे पुनरुज्जीवन झाले. शेवटच्या खेपेस मध्यभागी स्वस्तिक आले. तिची घडण साधी दिसते, पण तीत कारागिरी आहे. मध्ये काळा रंग दिलेला लोखंडाचा गाभा, त्याभोवती चांदीची अथवा चांदीचा मुलामा दिलेली किनार, किनारीच्या आतल्या अंगाला बारीक दाण्यांची रांग, आणि पहिल्या वर्गाच्या क्रॉसास मागे टाचणी. हे भाग वेगवेगळे घडवून डाखाने जोडलेले असतात. यावरूनच नवशिक्या संग्राहकाच्या दोन ठरीव कसोट्या निघाल्या आहेत. लोहचुंबक लावून पाहा, चिकटला तर खरा. कड भिंगाखाली धरा, सांधा दिसला तर खरा.

या कसोट्या टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणत नाही. एकाच तुकड्यात ओतून वरून काळे फासलेला भिकार नमुना त्यांनी तात्काळ उघडा पडतो. परंतु ज्याचा गाभा लोहचुंबकास दाद देत नाही असे युद्धकाळीन खरे क्रॉसही आढळतात. उलटपक्षी, युद्धानंतर घडविलेल्या क्रॉसात लोखंडी गाभा घालण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. सांध्याचेही तेच. ज्यास पदक नीट घडविता येते त्यास डाखही नीट लावता येतो. म्हणजे या परीक्षेत नापास होणारे बहुधा खोटे असतात, पण पास होणारे खरे असतातच असे नाही. संग्राहकांची बरीचशी फसगत या एका तर्कदोषातून झाली आहे.

धातूविषयी तर गैरसमज अधिकच. जर्मन पायदळाच्या हल्ल्याचा बिल्ला घ्या. २० डिसेंबर १९३९ रोजी तो सुरू झाला. ओकच्या पानांचे लंबवर्तुळाकार कडे, वर गरुड, आणि आडवी तिरपी संगीन लावलेली बंदूक, असे त्याचे रूप. तीन निरनिराळ्या दिवशी तीन हल्ल्यांत भाग घेतलेल्या शिपायास तो मिळे. आरंभी हे बिल्ले टोंबाक नावाच्या, पितळेच्या जातीच्या मिश्रधातूचे ठशाखाली दाबून काढीत. पुढे तांब्याची टंचाई पडली तसे ते जस्ताचे होऊ लागले. जस्तावर चांदीचा मुलामा टिकत नाही. काही वर्षांत तो आत जिरल्यासारखा होतो आणि बिल्ला शिशासारखा राखाडी दिसू लागतो. आता मौज अशी की, ज्यास या कलेची तोंडओळखच आहे तो हा मळकट, हलका, नक्षी बोथटलेला तुकडा पाहून ‘ओतीव नक्कल’ म्हणून बाजूस सारतो, आणि शेजारचा चकचकीत, टोकदार नक्षीचा, नुकताच कारखान्यातून आलेला माल छातीशी धरतो. ओतीव म्हणजे खोटा हा नियम टोंबाकाच्या बिल्ल्यास बहुतेक लागू पडतो. साच्यात ओतून केलेली नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित आखूड भरते, कारण धातू निवताना आकसतो. तिच्या अंगावर हवेचे बारीक फोड राहतात. परंतु जस्ताचे काही खरे बिल्लेही कारखान्यात यंत्राने साच्यातच ओतलेले होते. एकाच युद्धातील दोन वर्षांच्या मालास एक माप लावता येत नाही, मग निरनिराळ्या देशांच्या मालाची गोष्टच नको. इंग्लंडात १९४२ च्या सुमारास धातू वाचविण्यासाठी टोपीवरील बिल्ले चक्क प्लॅस्टिकचे काढले होते. ते प्रथमदर्शनी खेळण्यातले वाटतात, पण युद्धकाळाची त्यांच्याइतकी प्रामाणिक खूण दुसरी नसेल!

आमच्या स्नेह्यांच्या डबीतील कापडाचा तुकडा हा असाच अन्याय होण्याजोगा होता. हिंदी सैन्याच्या प्रत्येक डिव्हिजनचे एक चिन्ह असे. चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, सतराव्या डिव्हिजनची काळी मांजर. चौदाव्या सैन्याच्या ढालीवर तर तलवारीचे टोक खाली केलेले, कारण ब्रह्मदेश उत्तरेकडून परत जिंकावयाचा होता, असे सांगतात. ही चिन्हे कधी यंत्रावर विणलेली, कधी छापलेली असत, आणि पुष्कळदा छावणीजवळच्या बाजारातील शिंपी ती हाती येईल त्या धाग्याने, कापडावर शिवून देत. दोन तुकडे एकमेकांसारखे नाहीत, मांजरीच्या शेपटीचा बाक प्रत्येकाचा निराळा. आजची नक्कल मात्र यंत्रावर एकसारखी निघते आणि मग तिला चहाच्या पाण्यात बुचकळून म्हातारपण आणले जाते. येथे सुबकपणाच संशयास्पद आणि ओबडधोबडपणा अनुकूल. धाग्याची परीक्षा करता येते: पॉलिएस्टरचा शोध १९४१ सालचा आणि तो बाजारात पसरला युद्धानंतर, कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून घालतात ती रसायनेही युद्धानंतरच सर्रास झाली व ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. पण ही परीक्षाही एकाच बाजूने बोलते. चमकला तर संशय पक्का होतो. न चमकला तर एवढेच कळते की नकलाकाराने जुना धागा वापरला असेल किंवा तुकडा खरा असेल. शिवाय जुना खरा तुकडा घरात नव्या साबणाने धुतला गेला असेल तर तोही चमकावयाचा.

मग या शास्त्रात बळकट असे काय आहे? आमच्या मते एकच गोष्ट, आणि ती म्हणजे ठशांची तुलना. येथे आमच्या वाचकांस परिचित असा एक दाखला देतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम आरंभिले व १९६६ साली ते तडीस नेले. डॉ. सुकथनकरांनी तीत जी पद्धत घालून दिली तिचे एक मूलतत्त्व असे की, दोन पोथ्यांत बरोबर पाठ समान असला तर त्यावरून त्यांचे नाते ठरत नाही. चूक समान असली तर ठरते. बरोबर लिहिणारे अनेक असू शकतात, पण तीच चूक त्याच जागी करणारे दोघे एकाच मूळ प्रतीवरून उतरलेले असतात.

ठशांचे अगदी तसेच आहे. कठीण पोलादाचा ठसा हजारो वेळा धातूवर आदळला म्हणजे कोठेतरी केसासारखी भेग पडते. ती भेग प्रत्येक बिल्ल्यावर उंचवट्याच्या रेघेने उमटते, आणि काम चालू राहिले की वाढत जाते. म्हणजे ज्या बिल्ल्यावर रेघ नाही तो आधीचा, जीवर आखूड आहे तो मधला, जीवर लांब आहे तो शेवटचा. नकलाकार नक्षी उतरवू शकतो. ठशाचे हे वार्धक्य पायरीपायरीने उतरविणे त्यास फार अवघड. शेकडो बिल्ल्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी मांडून ज्यांनी हे काम केले आहे त्यांची चिकाटी पोथ्या चाळणाऱ्या पंडितांहून कमी नाही, आणि त्यांचे कौतुक करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

पण याच पद्धतीने एक असा प्रश्न पुढे आणला की ज्याचे उत्तर भिंगाजवळ नाही. युद्ध १९४५ साली संपले; ठसे मात्र संपले नाहीत. कारखान्यांच्या फडताळांत ते तसेच पडून राहिले. व्हिएन्नातील रुडॉल्फ सूव्हाल या कारखान्याने युद्धानंतरही संग्राहकांसाठी असे बिल्ले पाडले, ही गोष्ट जाणत्यांस ठाऊक आहे. आणि त्यांतील कित्येकांवर ‘एल/५८’ हा त्याचा युद्धकाळचाच क्रमांक आहे. पुढे पश्चिम जर्मनीत २६ जुलै १९५७ चा कायदा झाला व जुन्या सैनिकांस आपली पदके, त्यांवरील स्वस्तिक काढून, उजळ माथ्याने लावण्याची मुभा मिळाली. साहजिकच नव्या नमुन्याची पदके हवी झाली आणि जुन्या कारखान्यांनी ती जुन्या हत्यारांनी घडविली. ल्यूडेनशाइड येथील स्टाइनहाउअर उंड ल्यूक या कारखान्याच्या नाइट्स क्रॉसाची गोष्ट या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. हा वरच्या दर्जाचा क्रॉस सबंध युद्धात सात हजारांहून थोड्या अधिक लोकांस मिळाला, त्यामुळे त्याची किंमत भारी. त्याच्या किनारीच्या दाण्यांत काही क्रॉसांवर दोष दिसतात, आणि तेच दोष १९५७ नंतरच्या स्वस्तिकविरहित क्रॉसांच्या किनारीवरही दिसतात. मग दोष असलेला, पण स्वस्तिक असलेला क्रॉस कोणत्या काळचा म्हणावयाचा? युद्धाच्या अखेरच्या दिवसांतला, की शांततेच्या काळात गुपचूप पाडलेला? यावर संग्राहकांत जी खडाजंगी झाली ती वाचताना आम्हांस एखाद्या प्रक्षिप्त पर्वाच्या वादाची आठवण झाली; फरक इतकाच की येथे प्रत्येक पक्षाच्या तिजोरीत एक एक क्रॉस होता.

तोच कारखाना, तोच ठसा, कदाचित तोच कारागीर. धातू तसाच, क्रमांकही तोच. अशा बिल्ल्यास खोटा म्हणावे तर त्यात खोटे काय आहे? आणि खरा म्हणावे तर कोणत्या अर्थाने? काही संग्राहक म्हणतात की ठसा मूळचा असला म्हणजे झाले. आम्हांस हे मान्य नाही. टांकसाळीचा ठसा चोरून पाडलेला रुपया चांदीस कमी नसला तरी तो खोटा रुपयाच, कारण रुपयाचे रुपयेपण तो कोणाच्या हुकमाने पडला यात आहे. बिल्ला हा कोणास तरी देण्यासाठी केलेला असतो. ज्या राज्याने द्यावयाचा ते राज्यच बुडाल्यावर, ज्यास मिळावयाचा तो शिपाई मेल्यावर किंवा घरी परतल्यावर, केवळ विकण्यासाठी पाडलेला बिल्ला हा बिल्ल्याचा आकार असलेला धातू होय. तो जतन करू नये असे नाही. मात्र त्याच्या शेजारी त्याचा काळ लिहिला पाहिजे. म्हणूनच ‘खरा’ किंवा ‘खोटा’ एवढ्या एका शब्दात निकाल देण्याची जी रीत या व्यवहारात पडली आहे तीच आम्हांस मुळात सदोष वाटते. ही वस्तू केव्हा घडली, कशावरून तसे वाटते, आणि ते वाटणे कितपत पक्के आहे, एवढे पारख्याने सांगावे. तो मालकाच्या अपेक्षेस उतरतो की नाही, हा पारख्याचा प्रश्न नाही.

ही अपेक्षा भाबडी आहे याची आम्हांस जाणीव आहे, कारण या व्यवहारात पारखी आणि विक्रेता पुष्कळदा एकच असतात. सराफाच्या पेढीवर निदान कसोटीचा दगड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घासला जातो. येथे गिऱ्हाइकाच्या हाती एक सुबक छापील प्रमाणपत्र पडते. वस्तू अस्सल असल्याचा अमक्याचा निर्वाळा. कारणे? ती नाहीत. विचारले तर उत्तर येते की, हजारो बिल्ले हातांखालून गेले म्हणजे बोटांना कळते. बोटांना कळते हे खरेच आहे, आम्ही त्याची थट्टा करीत नाही. पण बोटांचा निकाल दुसऱ्याच्या बोटांनी तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते ज्ञान राहत नाही, अधिकार होतो. यावर जाणकारांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. दोष छापून प्रसिद्ध केले म्हणजे पहिला वाचक नकलाकारच असतो; पुढच्या खेपेस तो ती चूक करीत नाही. असे घडतेही. कारखान्यांचे ‘एल’ क्रमांक १९४१ साली सुरू झाले, त्यामुळे १९४० साली दिला गेला म्हणून सांगितलेल्या क्रॉसावर तो क्रमांक असणे हा कालविपर्यास ठरतो, हे एकदा छापून आल्यावर कोणता नकलाकार ती कथा त्या क्रॉसास जोडील? तरीसुद्धा आमचे मत प्रसिद्धीच्या बाजूचे आहे. गुप्त ठेवलेल्या कसोटीने नकलाकार थोडे दिवस अडेल, पण चुकलेला पारखी कायमचा सुरक्षित राहील.

येथे कोणी वाचक विचारतील की, ज्या राजवटीने लाखो निरपराध माणसे ठार केली तिचे बिल्ले खरे असोत की खोटे, त्यांची चिंता सभ्य गृहस्थाने का वाहावी? प्रश्न रास्त आहे. स्वस्तिक हे आमच्या देवघरातले, उंबऱ्यावरले चिन्ह; ते त्या गरुडाच्या पंज्यात पाहून आम्हांसही शिसारी येते. परंतु नव्याने पाडलेल्या बिल्ल्यांचा खप त्या राजवटीच्या नव्या भक्तांतही होतो, आणि जुना पुरावा या नव्या मालाखाली गाडला जातो. पुराव्याची चाड इतिहासाच्या मित्रांनी न धरली तर ती धरणार कोण?

असो. आमच्या स्नेह्यांच्या क्रॉसाकडे वळू. लोहचुंबक चिकटला, कडेला सांधा होता, काळा रंगही वाईट नव्हता. परंतु मागची टाचणी, तिची बिजागरी आणि तिला अडकविण्याचा आकडा हे तिन्ही, आम्ही जमविलेल्या छायाचित्रांत, १९५७ च्या नमुन्याच्या क्रॉसांवरच जुळत होते. युद्धकाळच्या एकाही नि:संशय क्रॉसावर ते एकत्र आढळले नाहीत. दाण्यांची रांगही दोन ठिकाणी बसकी होती, जुन्या ठशाची असावी तशी. याउलट डबीच्या तळाशी पडलेली ती दोन पदके चिंचेने न घासता नुसत्या कापडाने पुसली तेव्हा मागील बाजूस आजोबांचा क्रमांक व नाव स्पष्ट दिसू लागले. या युद्धाची तारकाकृती पदके ब्रिटिश शिपायांस कोरी दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर नावे घातलेली आढळतात. त्यांतील एक ‘इटली स्टार’ होते. घरात ते कोणी उलटून पाहिलेच नव्हते.

हे सांगावे कसे, या विचारात आम्ही दोन दिवस घालविले. अखेरीस सांगितले तेव्हा स्नेही काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी टाचणीविषयी दोन नेमके प्रश्न विचारले, छायाचित्रे स्वतः भिंगाखाली पाहिली, आणि म्हणाले, “म्हणजे आजोबा खोटे बोलले?” आम्ही म्हटले, वस्तूवरून एवढेच दिसते की ती युद्धानंतर घडली, कोण काय बोलले हे वस्तू सांगत नाही. तेव्हा आतापर्यंत दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, “मामंजी त्या क्रॉसाबद्दल कधी बोललेच नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा ही गोष्ट घरात नव्हती. थोरले भाऊजी बोटीवर नोकरीला होते, ते परदेशातून काय काय आणीत.” आणि त्या आत गेल्या.

कापडाच्या तुकड्याविषयी आम्ही निर्णय दिला नाही. हातशिलाई, सुती धागा, दिव्याखाली चमक नाही. अनुकूल गोष्टी होत्या, पण शेजारी ठेवून ताडून पाहावे असा दुसरा तुकडा मिळाला नाही. स्नेह्यांच्या आग्रहावरून तिन्ही वस्तूंची एक एक चिठ्ठी लिहून दिली. क्रॉसाच्या चिठ्ठीवर लिहिले: ‘बहुधा १९५७ नंतर घडलेला, टाचणीच्या जोडणीवरून.’ कापडाच्या चिठ्ठीवर: ‘अनिर्णीत.’ पदकांच्या चिठ्ठीवर आजोबांचा क्रमांक आणि नाव, जसे पदकावर होते तसे, एका अक्षराच्या चुकीसकट. संगमरवरावर काय कोरावयाचे ते अद्याप ठरलेले नाही.